परदेशात इंजिनियरिंग मॅनेजमेंट: देशाआधी पदाचं नाव ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, मग मेकॅनिकलची पदवी, सीजीपीए ७.४, एक केटी. चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभागात तीन वर्षं झाली. आता इंजिनियरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं आहे. अमेरिका बरी की जर्मनी? त्यापेक्षा एमबीए करावं का? आणि चाळीस लाखांचं कर्ज झेपेल का?

‘अमेरिका की जर्मनी’ इथून सुरुवात केली की उत्तर कधीच सापडत नाही, कारण इंजिनियरिंग मॅनेजमेंट या एका पाटीखाली किमान तीन वेगळी दुकानं आहेत. एक, इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचं सख्खं भावंड: ऑपरेशन्स रिसर्च, सिम्युलेशन, संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण, सप्लाय चेन. दुसरं, आखूड केलेलं एमबीए: हिशेब, मार्केटिंग, नेतृत्व, प्रॉडक्ट मॅनेजमेंट. तिसरं, सिस्टिम्स इंजिनियरिंगकडे झुकलेलं, म्हणजे मोठं यंत्र किंवा प्रकल्प तुकड्यांत पाडून त्याचं नियोजन करायचं. अमेरिकेतला या विषयाचा पहिला विभाग १९६७ साली मिझुरीतल्या रोला इथे सुरू झाला (आजचं मिझुरी एस अँड टी). तो इंजिनियरांना कारखाना चालवायला शिकवण्यासाठी होता. आता त्याच नावाने कुठे डेटा ॲनालिटिक्स शिकवतात, कुठे स्टार्टअप. म्हणून माहितीपत्रकावरचं नाव सोडा आणि सक्तीचे विषय कुठले, ऐच्छिक कुठले, तेवढंच वाचा.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. ही पदवी घेऊन कोणी मॅनेजर म्हणून रुजू होत नाही. बाहेर पडणारी मुलं ज्या पदांवर लागतात ती अशी: मॅन्युफॅक्चरिंग इंजिनियर, प्रोसेस इंजिनियर, क्वालिटी इंजिनियर, सप्लाय चेन ॲनालिस्ट, ऑपरेशन्स ॲनालिस्ट, कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट इंजिनियर, थोडी मुलं टेक्निकल प्रोग्रॅम मॅनेजर किंवा प्रॉडक्ट ॲनालिस्ट म्हणून. मॅनेजरपद येतं ते पुढच्या चार-पाच वर्षांत, आणि तेही आधीच्या तांत्रिक कामाच्या जोरावर. पदवी त्या कामाला जोड देते, त्याची जागा घेत नाही. त्यामुळेच कॉलेजातून थेट निघालेल्या मुलाला हा कोर्स सहसा सुचवू नये. त्याने इंडस्ट्रियल इंजिनियरिंग किंवा स्वतःच्याच शाखेत एमएस करावं. तुमच्याकडे लाइनवरची तीन वर्षं आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत हा कोर्स विचार करण्याजोगा ठरतो. एमबीए चांगल्या जागी करायचं तर वर्गातल्या इतरांचा सरासरी अनुभव चार-पाच वर्षांचा असतो आणि खर्च बराच चढा. शिवाय एमबीएनंतर माणूस बहुधा यंत्रांपासून दूर जातो. जायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा पहिला आठवडा विद्यापीठं शोधण्यात घालवू नका. लिंक्डइनवर किंवा कंपन्यांच्या साइटवर तुम्हाला हव्याशा वाटणाऱ्या ३० जाहिराती काढा आणि वहीत चार रकाने आखा: पदाचं नाव, किती वर्षांचा अनुभव, कोणती साधनं (एसक्यूएल, मिनिटॅब, एसएपी, पॉवर बीआय, काय असेल ते), आणि व्हिसाबद्दल लिहिलेलं वाक्य. चौथा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत. स्पॉन्सरशिप देणार नाही असं स्पष्ट लिहिलेल्या जाहिराती वगळल्या की किती उरतात ते पाहा. विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या प्रोग्रॅम मॅनेजमेंटच्या जागा दिसायला छान, पण तिथे आयटार या निर्यात-नियंत्रण नियमांमुळे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतात. त्या रकान्यात फुली मारा. उरलेल्यांत जे पद पाच-सात वेळा येतं, त्यासाठी लागणारं जे तुमच्याकडे नाही, ते शिकवणारा कोर्स हवा. ही यादी हातात असली की देशाचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो.

आता अमेरिका. इथे एमईएम (मास्टर ऑफ इंजिनियरिंग मॅनेजमेंट) चालवणाऱ्या आठ विद्यापीठांचा एक गट आहे: कॉर्नेल, डार्टमथ, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू आणि टफ्ट्स. पण आठांचा साचा एक नाही. एमआयटीचा कोर्स अनुभवी माणसांसाठी आहे. डार्टमथचा अभियांत्रिकी आणि बिझनेस स्कूल मिळून चालतो. जॉन्स हॉपकिन्सला तांत्रिक शाखा निवडून तिचे विषय घ्यावेच लागतात. ड्यूकमध्ये इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचाच भाग. या गटाबाहेर मिझुरी एस अँड टी, स्टीव्हन्स, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट, नॉर्थईस्टर्न अशी बरीच नावं आहेत, आणि ७.४ सीजीपीएवाल्याची खरी यादी बहुधा याच थरात बनते. अर्ज सात-आठ पुरे. वीस अर्ज करणारा वीसही अर्ज पातळ करतो.

यादी चाळताना तीन गोष्टी तपासा. पहिली, सीआयपी कोड. प्रत्येक अभ्यासक्रमाला सरकारी वर्गीकरणाचा सहा आकडी कोड असतो आणि तो विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या आय-२० या कागदावर अभ्यासविषयाच्या नावापुढेच छापलेला असतो. इंजिनियरिंग मॅनेजमेंटचा नेहमीचा कोड १५.१५०१. तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे. काही ठिकाणी हाच कोर्स इंडस्ट्रियल इंजिनियरिंगच्या १४.३५०१ किंवा मॅनेजमेंट सायन्सच्या ५२.१३०१ खाली चालतो, तेही स्टेम. पण ५२.०२०१ दिसला तर तो साधा व्यवसाय-प्रशासनाचा कोड, आणि तो स्टेम नाही. एका आकड्यामुळे पदवीनंतरची कामाची मुभा तीन वर्षांवरून एकावर येते. माहितीपत्रकात ‘स्टेम’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. पैसे भरण्याआधी कोड ईमेलने लेखी मागवा.

दुसरी, मधला उन्हाळा. नऊ-दहा महिन्यांत संपणारा कोर्स स्वस्त पडतो, पण मे ते ऑगस्ट ही इंटर्नशिपची खिडकी त्यात येतच नाही. कोर्सच्या काळात बाहेर काम करायला लागणारी सीपीटी परवानगीही साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये संपणारा १६ महिन्यांचा कोर्स मला तुमच्यासारख्यांसाठी सगळ्यात बरा वाटतो: दोन सत्रं, उन्हाळ्यात इंटर्नशिप, शेवटचं सत्र. पूर्णवेळ नोकरीची ऑफर अनेकदा त्या उन्हाळ्यातच ठरते. सीपीटीवर पूर्णवेळ काम १२ महिन्यांपर्यंत नेलं, तर त्या पातळीची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची मुभा, जाते, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी, नोकऱ्यांचा अहवाल. ‘९४ टक्के विद्यार्थी नोकरीत’ असं लिहिलेलं असलं, की आधी बघा किती जणांची माहिती विद्यापीठाकडे होती. शंभरातल्या पन्नासांनी उत्तर दिलं आणि त्यातले ४७ लागले, तरी आकडा ९४ च येतो. उरलेले पन्नास बहुधा आनंदाने गप्प नसतात. अहवालात विद्यार्थी-व्हिसावाल्यांचा वेगळा आकडा असेल तर तो सोन्यासारखा. नसेल तर लिंक्डइनवर मागच्या दोन तुकड्यांतले भारतीय विद्यार्थी शोधून ते आज कुठल्या पदावर आहेत ते स्वतः मोजा. तासाभराचं काम आहे.

पदवीनंतरचं गणित असं. ओपीटीचे १२ महिने, आणि स्टेम असेल तर वर २४. ही २४ महिन्यांची वाढ २०१६ पासून आहे. अर्ज कोर्स संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि तो शेवटच्या आठवड्यात करणाऱ्यांची कामाच्या परवान्याची कार्डं उशिरा येऊन रुजू व्हायच्या तारखा हुकतात. पहिल्या वर्षात बेकारीचे ९० दिवस चालतात, स्टेम वाढ मिळाल्यावर एकूण १५०. स्टेम वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेवर नोंदलेली हवी आणि आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा तिने सही करून द्यायला हवा. दिवस संपत आले की काही जण पगार न देता नुसतं नाव लावून ठेवणाऱ्या कन्सल्टन्सीचा आसरा घेतात. ते कागद पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी किंवा विमानतळावर बाहेर येतात आणि तेव्हा सुटका नसते.

एच-१बीच्या जागा ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. नोंदणी मार्चमध्ये, काम १ ऑक्टोबरपासून. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम बसली. अमेरिकेत राहूनच एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीत बदल करणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये केला. तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा बदल दुसराच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार सोडत वेतनपातळीप्रमाणे निघते: पहिल्या पातळीच्या पगाराला एक चिठ्ठी, दुसऱ्याला दोन, असं करत चौथ्याला चार. म्हणजे नवख्या पगारावर लागलेल्याची एकच चिठ्ठी. चाकणची तीन वर्षं कंपनीला पटवून दुसऱ्या पातळीचा पगार पदरात पाडून घेतला, तर तुमच्या चिठ्ठ्या दुप्पट. अनुभव नसलेल्याला हा कोर्स सुचवू नये म्हटलं, त्यामागे आता हेही कारण आहे. शिवाय पद आणि पदवी यांचा थेट संबंध दाखवावा लागतो. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असं मोघम पद असलं की चौकशीचं पत्र येण्याची शक्यता वाढते. ‘मॅन्युफॅक्चरिंग इंजिनियर’ला ती कमी. पदाच्या नावासाठी हट्ट धरायचा तर तो इंजिनियर या शब्दासाठी धरा. आणि ओपीटी ही कायद्यातली नव्हे, नियमांतली सोय आहे. नियम बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात यूएससीआयएसच्या साइटवर ताजी स्थिती बघाच.

पैशांचा हिशेब कागदावर मांडू. डॉलर ९० रुपये धरा. एका मध्यम सरकारी विद्यापीठात पूर्ण कोर्सची फी ३५ हजार डॉलर, राहणं-खाणं महिना १,४०० प्रमाणे १६ महिन्यांचे २२,४००, आरोग्यविमा ३,५००, विमान, व्हिसा आणि सुरुवातीचं सामान २,०००. एकूण ६२,९००, म्हणजे साधारण ५६ लाख ६० हजार रुपये. वरच्या खासगी विद्यापीठांत फीच ६० ते ९० हजार डॉलरवर जाते. मग हा आकडा कोटीकडे सरकतो. आता ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के दर, दहा वर्षं मुदत: हप्ता जवळपास ५४ हजार. तिथे नोकरी असली तर हे महिन्याचे ६०० डॉलर. जड नाही. पण दोन वर्षांत परत यावं लागलं आणि पुण्यात हातात ७०-८० हजार पडायला लागले, तर घर कशावर चालणार? कर्जाचा निर्णय तिथल्या पगारावर नाही, या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा. ढोबळ नियम असा की परत आल्यावरच्या पगाराच्या ४० टक्क्यांपलीकडे हप्ता जात असेल, तर रक्कम कमी करा किंवा देश बदला.

कर्जात लोक फसतात ते सवलतीच्या काळात. कोर्सच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालू असतं. पूर्ण ४० लाख उचलल्यावर ते महिना ३५ हजार होतं. ते घरून भरता आलं तर भरा, नाहीतर मुद्दलात मिसळून हप्ता वाढतो. फी सत्रागणिक उचला, एकदम नाही. परदेशी शिक्षणाला सरकारी बँका साधारण १५ टक्के स्वतःचे मागतात. तारण असेल तर सरकारी बँक, नसेल तर खासगी वित्तसंस्था, पण तिथला दर आणि प्रक्रिया शुल्क दोन्ही चढे. वडिलांचं घर तारण ठेवताना मालकीहक्काचा टायटल सर्च अहवाल आणि मूल्यांकन यात दीड-दोन महिने सहज जातात. सातबाऱ्यावरची शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, बिगरशेती किंवा सिटी सर्व्हेचा उतारा लागतो. आय-२० आल्यावर बँकेत जाणारा उशीर करतो. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी जा. १ एप्रिल २०२५ पासून कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर गेलात तर कापला जातो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पात्रता असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठीची योजना, सारथीची योजना, आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती हे चार दरवाजे आधी वाजवा. सरकारी योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती यादी बनवतानाच बघितलेली बरी.

जर्मनीत हा विषय ‘विर्टशाफ्ट्सइंजेनिऑरवेझन’ या नावाने राहतो. आहे मात्र भक्कम. तिथल्या उद्योगात या पदवीला मोठा मान आहे. आखेन, कार्ल्सरुहं, डार्मश्टाट, बर्लिन इथली तांत्रिक विद्यापीठं यासाठी ओळखली जातात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, यातले बरेच अभ्यासक्रम जर्मन भाषेत आहेत. दोन, बॅचलर्समध्ये अभियांत्रिकीचे आणि अर्थशास्त्र-व्यवस्थापनाचे असे दोन्हीकडचे ठरावीक ईसीटीएस (युरोपीय मोजमापाचे) क्रेडिट असावे लागतात. आपल्या मेकॅनिकलवाल्याकडे दुसरा भाग जवळजवळ रिकामा. पुण्या-मुंबईच्या मुलांचे अर्ज इथेच परत येतात, गुणांवर नाही. उपाय म्हणजे अर्जाआधी मॉड्यूलनिहाय तक्ता करा: इंडस्ट्रियल इंजिनियरिंग, ऑपरेशन्स रिसर्च, कॉस्टिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट असे जे जे विषय झाले असतील ते, त्यांचे तास आणि विद्यापीठाच्या सिलॅबसचं पान. तरीही भरत नसेल तर इंग्रजीतले, फक्त अभियांत्रिकी पदवीवर प्रवेश देणारे अभ्यासक्रम शोधा, किंवा थेट प्रॉडक्शन इंजिनियरिंग घ्या.

गुणांचं रूपांतर बव्हेरियन सूत्राने होतं, आणि तिथे आकडा जितका कमी तितका चांगला. कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तुमचे ७.४, कमाल १०, उत्तीर्ण ४: दोन पूर्णांक सहाला सहाने भागून तीनने गुणलं की १.३, अधिक एक, म्हणजे २.३. आता उत्तीर्ण श्रेणी ५ धरली गेली तर हेच २.५६ होतं आणि २.५ ची अट असलेल्या कोर्समधून तुम्ही बाहेर. म्हणून उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी किती, हे ट्रान्स्क्रिप्टवर किंवा त्याच्या मागच्या बाजूला छापलंय का ते बघून घ्या. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या.

भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, शुल्क १८ हजार रुपये. हिवाळी सत्राला जायचं तर आदल्या सप्टेंबरपर्यंत अर्ज टाका. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची गाडी इथे अडते: पदवीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिकाच नसते. डिप्लोमाच्या सहाही सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, डिप्लोमा प्रमाणपत्र आणि थेट प्रवेशाचा पुरावा एकत्र लावा. एखादी गुणपत्रिका हरवली असेल तर तंत्रशिक्षण मंडळाकडून दुय्यम प्रत आजच मागवा. अमेरिकेच्या अर्जातही हाच संच लागतो. एका केटीने दोन्हीकडे काही बिघडत नाही. ती लपवली तर बिघडतं.

खर्चाचं चित्र मात्र अगदी वेगळं. बंद खात्यात (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे महिना ९९२. युरो १०५ धरला तर दोन वर्षांचे २५ लाख, आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्रागणिक दीड-साडेतीनशे युरोची वर्गणी. अपवाद: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सत्रामागे चार किंवा सहा हजार. खासगी संस्था हाच विषय इंग्रजीत, मोठ्या फीवर आणि फारशी अट न घालता देतात. अनाबिन या सरकारी यादीत संस्थेपुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असं आहे का ते बघा. तेवढं असूनही, जर्मनीत जाऊन मोठी फी भरायची तर जर्मनीला जाण्याचं मुख्य कारणच निघून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. खरी नोकरी बहुधा वर्कश्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ, घेतलेल्या कामातून किंवा कंपनीत केलेल्या मास्टर्स थीसिसमधून येते. चाकण-पिंपरीत जर्मन गाडी कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार आहेतच. व्हीडीए ऑडिट, पीपीएपी, ८डी हे शब्द तुमच्या रोजच्या कामातले असतील तर ते तिथे तसेच समजतात. पण कारखान्याच्या मजल्यावरची बैठक जर्मनमध्येच होते. जर्मन भाषेची बी१ पातळी घेऊन निघा, तिथे बी२ करा. ‘इंग्रजीवर चालेल’ हे आयटीतल्या मित्राचं ऐकीव ज्ञान उत्पादनाला लावू नका.

ब्रिटनबद्दल दोनच वाक्यं. वॉरिकच्या डब्ल्यूएमजीसारखी जागा विषयासाठी उत्तम आहे, पण कोर्स एक वर्षाचा, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पदवीनंतर तिथे राहून काम करायला १८ महिनेच मिळणार. त्यात जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पाउंड, तेव्हा कर्ज काढून जाणाऱ्याने तिसरा पर्याय म्हणूनच धरावा.

अर्जातला सगळ्यात कमकुवत कागद एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारं निवेदन. ‘लहानपणापासून यंत्रांची आवड’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी चाळीसदा वाचलेलं असतं. त्याऐवजी कामातली एक अडलेली जागा मांडा. नमुना असा: प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला ४२ मिनिटं लागायची, क्लॅम्प बदलून आणि पुढची डाय आधीच गरम-तयार ठेवून ती १८ वर आली, तरीही दिवसाचं उत्पादन वाढलं नाही, कारण प्लॅनिंगवाले जुन्याच मोठ्या बॅच लावत राहिले. बॅचचा आकार, साठा आणि बदलीचा वेळ एकत्र बघायचं गणित मला येत नव्हतं. अमुक विषय आणि अमुक प्राध्यापकांचं काम त्यासाठी हवं आहे. एवढ्या पाच ओळींत अनुभव, मर्यादेची जाण आणि कोर्सचं कारण तिन्ही येतात. अपयशाचा उल्लेख करायला घाबरू नका, त्यानेच ते खरं वाटतं.

शिफारसपत्रं तीन: दोन कामावरची, एक प्राध्यापकांचं. वरिष्ठांचा कंपनीचा ईमेल हवा, जीमेलवरून आलेलं पत्र संशयाने पाहिलं जातं. तिन्ही पत्रं स्वतः लिहून दिली की तिन्हींत एकच शैली दिसते. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळ्या प्रकल्पाचे चार मुद्दे द्या आणि लिहू द्या. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, पण सीजीपीए ८ च्या खाली असताना गणितात १६५ च्या आसपास गुण आले तर पाठवा. १५५ आले तर न पाठवणं बरं.

अमेरिकेच्या व्हिसासाठी सेविस (विद्यार्थी-नोंदणी) शुल्क ३५० डॉलर, अर्जाचं १८५. डीएस-१६० या व्हिसा-अर्जात मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहायची आणि जून २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायची. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत दोन-तीन मिनिटांची. ‘हाच कोर्स का’ याला पाठ केलेल्या विद्यापीठ-स्तुतीऐवजी डाय बदलीचीच गोष्ट दोन वाक्यांत सांगा. ‘पैसे कोण देणार’ याला आकडे पाठ हवेत: कर्ज किती, बचत किती, वडिलांचं उत्पन्न किती. अडखळलात की २१४(ब) या कलमाखाली नकार येतो आणि तो बहुतेक वेळा कागदांमुळे नाही, उत्तरांमुळे आलेला असतो.

तुमच्या परिस्थितीत मी जर्मनीचे तीन-चार आणि अमेरिकेतल्या १६ महिन्यांच्या कोर्सचे चार अर्ज करीन, आणि घरात तारण किंवा पंधरा लाखांची बचत नसेल तर अमेरिकेचे चारही काढून टाकीन. जर्मनचा क्लास मात्र निकालाची वाट न बघता या महिन्यात लावा.

आणि राजीनाम्याआधी एक काम. तीन वर्षांत तुमच्या लाइनवर काय बदललं त्याचे आकडे घरच्या वहीत उतरवून घ्या: ओईई (यंत्रांची एकूण कार्यक्षमता) किती होता आणि किती झाला, रिजेक्शन पीपीएममध्ये (दर दहा लाख नगांमागे) किती, हाताखाली किती माणसं, किती पाळ्या. पीएमपी ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा द्यायची तर पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव तारखांनिशी दाखवावा लागतो, त्यालाही हेच उपयोगी पडेल. ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, भागाची किंमत यातलं काही घेऊ नका. कार्ड जमा केल्यावर हे आकडे कोणी देत नाही, आणि एसओपी, रेझ्युमे, मुलाखत तिन्ही त्यांच्यावरच उभे राहतात.